डीहेझ केलेलं कोकण

डिसेंबर उजाडला की फोनच्या पडद्यावर कोकणाचे तीन प्रकारचे फोटो फिरायला लागतात. पहिल्यात पहाट निळीशार असते, नारळाच्या झावळ्या जवळजवळ काळ्या, आणि सगळ्यावर असा गारठा की आता बर्फच पडेल. दुसऱ्यात सगळं नारिंगी असतं: माती नारिंगी, गवत नारिंगी, अंगणात सुपारी सोलणाऱ्या आजीचा चेहराही नारिंगी. तिसऱ्यात डिसेंबर असूनही डोंगर जुलैसारखे हिरवेगार असतात. तिन्ही फोटोंखाली 'कोकणातला हिवाळा' असं लिहिलेलं असतं आणि तिन्हींत तो नसतो.

मी मिरजोळ्यात राहते. रत्नागिरी शहराला लागून असलेलं हे गाव. एमआयडीसीच्या शेड, विमानतळाची धावपट्टी, आणि या सगळ्याच्या अधेमधे वाड्या, आंब्याच्या बागा आणि कातळ. पर्यटकांच्या यादीत मिरजोळे नसतं, आणि या लेखासाठी तेच सोयीचं आहे. किल्ला, देऊळ, समुद्रातला सूर्यास्त असं काही चौकटीत असलं की ऋतू कोणताही असो, फोटो निभावून जातो. इथे तसा आधार नाही. इथे हिवाळ्यात फोटो काढायचा तर हिवाळ्याचाच काढावा लागतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कोकणातला हिवाळा डोळ्यांना दिसतो तो दोन गोष्टींमुळे: धुरकट हवा आणि तपकिरी रंग. आणि आपल्या एडिटिंगच्या सवयी नेमक्या याच दोन गोष्टींना दोष समजतात. म्हणून फोटो 'सुधारला' की ऋतू पुसला जातो. ही केवळ आवडीनिवडीची तक्रार असती तर मी लेख लिहिला नसता. पण जे फोटोत दिसत नाही ते हळूहळू आहे असं वाटेनासं होतं, आणि कोकणात त्याची किंमत मोजावी लागते. ती कशी, ते पुढे येईलच.

हवा

दसऱ्याच्या सुमारास पाऊस आवरत आलेला असतो आणि हवा धुतलेली असते. अशा एखाद्या सकाळी उंच सड्यावर उभं राहिलं तर पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवरची सह्याद्रीची रांग निळ्या रेघेसारखी दिसते. जानेवारीत त्याच जागी उभे राहा. ती रेघ गायब असते. मधल्या टेकड्या मात्र दिसतात, एकीमागे एक, प्रत्येक आपल्या अलीकडच्या टेकडीपेक्षा थोडी फिकी, आणि शेवटची आभाळात विरघळलेली.

यामागचं कारण सोपं आहे. हिवाळ्यात वारा बराचसा जमिनीकडून, घाटावरून येतो आणि धूळ-धूर सोबत आणतो. रात्री आभाळ मोकळं असल्यामुळे जमीन भराभर निवते. तिला टेकलेली हवा गार होते आणि वरची त्यामानाने उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. पहाटे समुद्राकडे जाणारा मतलई वारा इतका मंद असतो की हे झाकण काही त्याला उचलत नाही. मग चुलींचा, जाळलेल्या पाचोळ्याचा, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर खालीच रेंगाळतो. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत हे कण पाणी शोषून फुगतात. एवढ्या मोठ्या कणांवरून सगळ्याच रंगांचा प्रकाश जवळपास सारखा विखुरतो, म्हणून ही हवा निळी न दिसता पांढुरकी दिसते. ऊन चढलं की जमीन तापते, झाकण उघडतं आणि दुपारी खारा वारा आत शिरतो.

रत्नागिरीत जानेवारीतली पहाटसुद्धा साधारण १८ ते २० अंशांच्या आसपास असते. पुण्या-नाशिकच्या माणसाला ही थंडी म्हणजे चेष्टा वाटेल. आमच्याकडे हिवाळा अंगाला थोडा आणि डोळ्यांना जास्त कळतो. तो या पांढुरक्या हवेतूनच कळतो.

आता हाच टेकड्यांचा फोटो एखाद्या ॲपमध्ये उघडा. बोट सवयीने 'डीहेझ'च्या पट्टीवर जातं. या पट्टीमागची एक कल्पना समजून घेण्यासारखी आहे. २००९ साली कायमिंग हे, जिआन सुन आणि शाओऊ तांग या संशोधकांनी एका शोधनिबंधात एक निरीक्षण मांडलं. स्वच्छ हवेत, घराबाहेर काढलेल्या फोटोचा आभाळ सोडून कुठलाही छोटा तुकडा घ्या. त्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा रंग कुठे ना कुठे जवळजवळ शून्यावर असतोच, कारण कुठे सावली असते, कुठे गडद पान असतं, कुठे एखादा भडक रंग असतो. फोटो धुरकट असेल तर हा शून्य वर उचलला जातो. तो किती उचलला गेला ते मोजायचं आणि तेवढा पांढुरकेपणा वजा करायचा. २०१५ साली अडोबीने फोटोशॉप आणि लाइटरूममध्ये 'डीहेझ' नावाची सोय आणली. पुढे अशा सोयी फोनवरच्या ॲपमध्येही रुळल्या.

त्या निबंधातली एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. हवेचा पांढुरकेपणा मोजला की कोणती वस्तू किती लांब आहे याचाही अंदाज आपोआप मिळतो, कारण जितकं अंतर जास्त तितकी मधली हवा जास्त. म्हणजे धुरकटपणा हा फोटोत साठलेला मळ नसून अंतराची नोंद आहे. यंत्राला हे कळतं, ते आधी त्याचा हिशेब करतं आणि मगच तो पुसतं. आपण मात्र हिशेब न बघता पट्टी ओढतो.

परिणाम तुम्ही पाहिलेलाच आहे. समोरचं आंब्याचं झाड आणि पाच किलोमीटरवरची टेकडी दोन्ही सारखीच काळी. टेकड्या कात्रीने कापून एकमेकींवर चिकटवल्यासारख्या. झाडांच्या कडेला उजळ किनार. आभाळात रंगांचे पट्टे. चौकटीत पाच किलोमीटरची जागा होती, तिचा जाड पुठ्ठा झाला.

आणखी एक गोष्ट. धुकं, धूर, धुरळा, मळभ, दहिवर हे मराठीतले पाच वेगळे शब्द पाच वेगळ्या गोष्टींना आहेत. धुकं पाण्याच्या थेंबांचं, धुरळा वाटेवरून गेलेल्या टेम्पोचा, मळभ आभाळात दाटलेलं, दहिवर गवतावर उतरलेलं. यांतल्या प्रत्येकाचा प्रकाश निराळा. दहिवर तर हवेत नसतंच, ते गवताच्या टोकावर बसून तिथली चमक वाढवतं. एका पट्टीला हे सगळं एकच वाटतं. पट्टीला तसं वाटणं समजू शकते, पण ती ओढणाऱ्याला हे पाच शब्द ठाऊक असायला हवेत.

तपकिरी

दुसरा बळी तपकिरी रंग. इंद्रधनुष्यात तपकिरी नसतो. तपकिरी म्हणजे मंद, अंधारलेला नारिंगी; आजूबाजूला जास्त उजेड असला की तोच आपल्याला तपकिरी दिसतो. ॲपच्या दृष्टीने सुकलेलं गवत, जांभा दगड, सुपारीची सालं आणि माणसाची कातडी हे सगळे एकाच 'ऑरेंज' पट्टीचे रहिवासी आहेत. ती पट्टी उजळली की सगळे एकदम उजळतात. म्हणून त्या आजीचा चेहरा आणि मागची मातीची भिंत यांत फरक उरत नाही.

त्यात भर 'व्हायब्रन्स'ची. ही पट्टी 'सॅच्युरेशन'पेक्षा सौम्य आणि सभ्य आहे असा समज आहे, कारण ती आधीच भडक असलेल्या रंगांना फारसा हात लावत नाही. ती फिके रंग शोधून वाढवते. कोकणातल्या जानेवारीत फिके रंग म्हणजे काय? जवळजवळ सगळं चित्रच. त्यामुळे सभ्यपणे सुरू झालेली ही दुरुस्ती सड्यावर सगळ्यात जास्त उत्पात करते.

'टील अँड ऑरेंज' नावाचा जो साचा सिनेमातून फोनवर आला, त्याने तर कातळाचा रंगच बदलून टाकला आहे. जांभ्याची खरी गंमत अशी की खाणीतून ताजा काढलेला चिरा तांबडा असतो, पण वर्षानुवर्षं उघडा पडलेला कातळ काळपट-करडा दिसतो. पावसात त्यावर शेवाळं आणि दगडफूल धरतं, ते हिवाळ्यात सुकून दगडाला चिकटून राहतं. साच्यातून काढलेल्या फोटोत हा काळपट कातळ मंगळ ग्रहासारखा लाल दिसतो. इथे रंग 'वाढवलेला' नाही, चक्क चुकीचा सांगितलेला आहे.

आपल्या भाषेने या रंगाकडे किती बारकाईने पाहिलंय बघा. मातकट, करडा, बदामी, गव्हाळ, पिंगट, काथ्याचा, तांबूस, आणि नाकात ओढायच्या तपकिरीवरून आलेला तपकिरी. हिवाळ्यात एका फेरफटक्यात हे सगळे भेटतात: भातकापणीनंतरचे सड गव्हाळ, सड्यावरचं गवत पिंगट, उडवीचा पेंढा वर करडा आणि आत पिवळट, पायवाट मातकट. आणि मधेच ओल धरून राहिलेल्या मळ्यात कुळीथ-चवळीचा हिरवा तुकडा. तो हिरवा डोळ्यांत भरतो तो आजूबाजूला तपकिरी आहे म्हणून. सगळंच हिरवं केलं की तो मळा हरवला.

उसना हिवाळा

हे सगळं आपण का करतो? कारण हिवाळ्याचे फोटो कसे काढावेत हे आपण ज्यांच्याकडून शिकतो त्यांचा हिवाळा वेगळा आहे. व्हिडिओत सांगितलेलं असतं: बर्फ राखाडी दिसू नये म्हणून एक्स्पोजर एक पायरी वाढवा, सावल्या निळ्या होऊ द्या, तासभर मिळणाऱ्या सोनेरी उजेडाचा फायदा घ्या. सल्ला अगदी बरोबर, पण तिथला.

आकडेच घेऊ. २१-२२ डिसेंबरला लंडनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. रत्नागिरीत त्याच दिवशी तो जवळपास ५० अंशांवर असतो. लंडनमध्ये सूर्योदयानंतर सूर्याला सहा अंश चढायला जवळजवळ तास लागतो, रत्नागिरीत अर्धा तास पुरतो, कारण आपल्याकडे तो बराच उभा चढतो. म्हणजे तिथे दिवसभर तिरपा, मऊ उजेड. इथे मात्र चहा उतू जाऊन गॅस पुसेपर्यंत सोनं संपलेलं.

म्हणून आपला फोटो नऊ वाजता काढलेला असतो आणि त्याला सव्वासातचा उजेड ॲपमध्ये चढवला जातो. पण सावल्या खोटं बोलत नाहीत. रंग पहाटेचा आणि सावली बरीच आखूड झालेली, असा फोटो बघितला की डोळ्यांना काहीतरी खटकतं. काय ते नेमकं सांगता येत नाही आणि आपण पुढे सरकतो. अशा खटकण्याची सवय होणं मला त्या एका फोटोपेक्षा जास्त वाईट वाटतं.

निळ्या रंगाचंही तसंच. बर्फाळ प्रदेशात सावलीतला बर्फ आभाळाचा निळा रंग परत फेकतो, म्हणून तिथे निळा म्हणजे थंडी. इथे सावली पडते ती तांबड्या मातीवर आणि सुक्या गवतावर. इथला पहाटेचा गारवा फार तर करडा असतो, थोडा दुधी. त्याला निळा चढवणं म्हणजे मालवणी माणसाने काश्मिरी फेरन घालून फोटोला उभं राहणं. शोभतं, पण त्यावरून मालवणचं हवामान कळत नाही.

मग एडिटिंग करूच नये?

असं मी म्हणत नाही. 'नो फिल्टर' लिहून मिरवणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. फोन बटण दाबताच अनेक चौकटी घेतो, त्यांची सरमिसळ करतो, सावल्या उजळतो, आभाळ ओळखून त्याला वेगळी वागणूक देतो. तुमच्या हातात फोटो येतो तो आधीच एडिट झालेला असतो. भारतात छायाचित्रं हाताने रंगवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. ॲन्सल ॲडम्ससारखा निसर्गाचा छायाचित्रकार, जो आधी पियानो शिकलेला होता, निगेटिव्हला संगीताची लिपी आणि प्रिंटला तिचं सादरीकरण समजायचा. १९४१ साली काढलेल्या त्याच्या 'मूनराइज, हर्नांडिझ' या फोटोतलं आभाळ पुढच्या प्रिंटांमध्ये अधिकाधिक काळं होत गेलं.

पण न्यू मेक्सिकोच्या त्या उंच, कोरड्या प्रदेशातलं आभाळ मुळातच गडद असतं. ॲडम्सने असलेलंच वाढवलं. माझा निकष तेवढाच आहे: एडिटिंगने जागेत असलेलं वाढवलं की दुसऱ्या जागेतलं आणून ठेवलं? आणि व्यवहारात हा निकष लावायची सोपी युक्ती म्हणजे फोटो बघून महिना ओळखता येतो का ते पाहणं. आंब्याच्या शेंड्याला मोहोर आहे, गवत पिंगट आहे, सावली लांब आहे, दूरची टेकडी विरघळली आहे: जानेवारी. यातल्या दोन-तीन खुणा एडिटिंगनंतरही शाबूत असतील तर कितीही पट्ट्या ओढा, माझी ना नाही.

या बाबतीत आपल्याला परदेशी उदाहरणांची गरजही नाही. प्र. अ. धोंड हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवलेले चित्रकार. 'रापण' हे त्यांचं पुस्तक अनेकांना माहीत असेल. कोकणच्या किनाऱ्यांची त्यांची जलरंगचित्रं बघा. जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. दूरचं जे असतं ते ओल्या कागदावर एका पातळ फटकाऱ्यात येतं आणि कडा स्वतःहून विरतात. म्हणजे लांबचं दाखवायचं तर कमी रंगवायचं. आपण फोनवर याच्या बरोबर उलट करतो: जितकं लांब तितकी पट्टी जास्त ओढतो, कारण 'ते नीट दिसत नाही'. ते नीट दिसत नाही, म्हणूनच तर ते लांब आहे.

कुणी म्हणेल, भारतीय नजर मुळातच रंगांची आहे, मग रंग वाढवले तर बिघडलं कुठे? छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी १९९८च्या 'रिव्हर ऑफ कलर' या पुस्तकात भारतीय पाहण्याचं रंगाशी असलेलं नातं ठासून मांडलं, हे खरं. पण त्यांचं म्हणणं रंगाने विचार करण्याविषयी होतं. फिक्या ऋतूत फिक्या रंगांनी विचार करणं हाही रंगाचाच विचार आहे.

बागायतदाराची नजर

आमच्या वाडीतले एक काका आंबा बागायतदार आहेत. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना एका पेजवरचा आंब्याच्या बागेचा फोटो दाखवला: पहाटेची किरणं, सगळीकडे तांबूस झळाळी, हजारो लाइक. काकांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, मोहोराजवळ नेला आणि विचारलं, "हा मोहोर करपला की काय गो? फवारणी नाय केली त्यांनी?"

मोहोर करपलेला नव्हता. त्याच्यावर फिल्टर होता.

मला हा त्या फोटोवरचा सगळ्यात चांगला अभिप्राय वाटतो. काकांसाठी हिवाळ्यातला रंग म्हणजे बातमी आहे. थंडी पडली की मोहोर फुटतो, म्हणून थंडीची वाट बघायची. मळभ आलं, हवा दमट झाली की तुडतुडे आणि भुरी यांची भीती, म्हणून आभाळाकडे बघत राहायचं. आपण ज्या पहाटेच्या धुक्याला 'स्वर्ग' असं लिहून हृदयाचं चिन्ह टाकतो, त्याच धुक्याकडे बघून बागेत कुणीतरी फवारणीचा खर्च मनात मांडत असतं. एकाच हवेचे हे दोन अर्थ आहेत आणि चांगल्या फोटोत दोन्हींना जागा असू शकते. एडिटिंगने धुकं गुलाबी केलं की दुसरा अर्थ बाहेर फेकला जातो.

गंमत म्हणजे सर्वांत काटेकोर हिवाळी फोटोग्राफी बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवरच सापडते. मोहोरावर पांढरी भुकटी दिसतेय, ही भुरी का? पान कडेने तपकिरी पडलंय, हा करपा का? इथे फोन रंग 'छान' करून देतो तेच अडचणीचं ठरतं, कारण निदान रंगावर असतं. म्हणून जाणती माणसं सांगतात: फांदी सावलीत धरा, शेजारी पांढरा कागद ठेवा, मग फोटो काढा. कागद पांढरा दिसतोय का ते बघून बाकीचे रंग कितपत खरे ते ठरवता येतं. स्टुडिओतले छायाचित्रकार राखाडी कार्ड वापरून जे करतात, तेच हे, वहीच्या कोऱ्या पानावर.

कातळ

आता त्या किमतीकडे येते.

पावसाळ्यात सडे फुलतात. सीतेची आसवं, गेंद, छोटी डबकी; फोटोंचा पूर येतो. डिसेंबरात तिथे काळपट दगड आणि पिंगट गवत उरतं आणि कॅमेरे पाठ फिरवतात. कुणी आलंच तर ॲपमधून गवत हिरवं करून घेतं. सरकारी दप्तरात अशा जमिनीला शब्द आहेत: पडीक, पोटखराबा. म्हणजे पीक न देणारी, म्हणून हिशेबात न धरण्यासारखी. आपल्या एडिटिंगचं म्हणणंही वेगळं नाही: इथे काही नाही, जरा रंग घाला. मिरजोळ्यासारख्या गावात राहणाऱ्याला या 'इथे काही नाही'चा अर्थ पक्का ठाऊक असतो. जिथे काही नसतं तिथे काहीही आणता येतं. कधी ते गरजेचंही असतं, विमानतळ आणि कारखाने गावाला नकोच होते असं मी म्हणणार नाही. पण निर्णय व्हायच्या आधी तिथे काय आहे ते दिसलेलं असावं, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आणि काय आहे? हिवाळ्यात त्या पिंगट गवतावरून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी खालून खालून तरंगत जातात. ते हजारो किलोमीटरवरून आलेले पाहुणे असतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर मुक्काम करतात. गवत हिरवं केलं की फोटोतला त्यांचा रंगमेळ विस्कटतो. आणि त्याच दगडावर कातळशिल्पं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतर गावोगाव फिरून त्यांचा शोध घेतला. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ यांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समावेश झाला. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. 'काही नाही' अशा जागेवर तो हजारो वर्षं आहे.

या शिल्पांचा फोटो काढणं ही हिवाळ्याची खरी परीक्षा आहे. ती दगडात उथळ कोरलेली असतात. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सावली शून्य, शिल्प जवळजवळ अदृश्य. अशा वेळी लोक रेघांत खडू भरतात किंवा पाणी ओततात. खडू भरण्याला जगभरचे अभ्यासक विरोध करतात, कारण त्याने दगडाचं नुकसान होतं आणि रेघ आपल्या समजुतीप्रमाणे वाकते. घरी येऊन ॲपमध्ये 'स्ट्रक्चर'ची पट्टी शेवटपर्यंत ओढणं हा त्याच खडूचा सभ्य प्रकार. मग दगडाची प्रत्येक भेग कोरीव वाटायला लागते आणि माणसाने काय कोरलं, पावसाने काय, हेच कळेनासं होतं.

त्याऐवजी डिसेंबरात सकाळी लवकर जा. सूर्य आग्नेयेच्या बाजूने, तिरपा येतो. तो दहा अंशांवर असताना तीन सेंटिमीटर उंच कडेची सावली सतरा सेंटिमीटर लांब पडते, म्हणजे खाच अंधाराने भरते आणि आकृती स्वतःहून उठून दिसते. कोरणाऱ्याच्या काळीही हिवाळ्यात सूर्य असाच तिरपा येत होता. त्या फोटोला नंतर फार काही करावं लागत नाही.

थोडं करावं लागतं ते असं. फोनमध्ये रॉ फोटोची सोय असेल तर ती वापरा. दृश्य ओळखून रंग बदलणारी सेटिंग बंद ठेवा. व्हाइट बॅलन्स उन्हावर पक्का करा, नाहीतर फोन पहाटेचा पिवळेपणा चूक समजून काढून टाकतो. चौकटीतल्या सर्वांत उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर किंचित उतरवा. सूर्य समोर किंवा बाजूला घ्या, म्हणजे धुरकट हवा उजळते आणि टेकड्यांचे थर सुटे होतात. एडिट करताना अख्ख्या फोटोऐवजी पुढच्या भागापुरतं कॉन्ट्रास्ट वाढवा आणि दूरच्या भागाला हात लावू नका. डीहेझची पट्टी शून्याच्या डावीकडेही जाते; एकदा तिकडे नेऊन बघा. तपकिरी फार मेला असेल तर नारिंगीची चमक वाढवण्याआधी त्याचा उजेड कमी करा. तो पुन्हा तपकिरी होईल.

या जानेवारीत गावाकडे गेलात तर समुद्राकडे जायच्या आधी सकाळी सातला घरामागच्या सड्यावर जा. अर्धा तास हातात असेल. दहिवराने चपला भिजतील, लांब कुठेतरी पाचोळ्याचा धूर जमिनीलगत आडवा पसरलेला असेल आणि त्याच्या वर एखादी टेकडी अर्धीच दिसत असेल. तो फोटो अर्ध्याच टेकडीसकट ठेवा. गावातल्या एखाद्या बागायतदाराला दाखवा आणि कोणता महिना, हवा कशी होती, विचारा. ते सांगू शकले तर पोस्ट करा.